‘मुंबई वीस मिनिटांवर’, पण कोणाला? उलव्यातल्या एका घराचं प्रकरण

घर माझ्या मावशीच्या कुटुंबाचं. तिचा मुलगा, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, भांडुपला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं घेऊन राहत होता. दादा, वहिनी, तिसरीत जाणारी मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि मावशी. मावशीला बीपी आहे, साखर आहे, आणि दिवसातून एकदा बाहेर जाऊन चार बायकांशी बोलली नाही तर तिला जेवण जात नाही. दादा क्लिअरिंग एजंटकडे कामाला, ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, मधूनमधून न्हावा शेवा बंदराला सीएफएसवर, म्हणजे कंटेनर उतरवायच्या गोदामावर, चक्कर. वहिनी घरी मशीनवर ब्लाउज, ड्रेस शिवतात, त्यांची स्वतःची गिऱ्हाइकं आहेत, आणि हे शेवटी फार महत्त्वाचं ठरलं म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

१२ जानेवारी २०२४ ला मुंबई-नवी मुंबई जोडणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी खारकोपर ते उरण लोकलचंही. त्याच्या आधी नवी मुंबईतल्या उलव्यात फ्लॅट घे म्हटलं की भांडुपचा माणूस हसायचा, नंतर तोच रविवारी सहकुटुंब साइट व्हिजिटला येऊ लागला. दादाच्या हातात गावची थोडी जमीन विकून आलेले पैसे होते, वर लोन, आणि डोक्यात टू बीएचके. मी उरणचा, त्यामुळे फोन मला.

सेल्स ऑफिसात भिंतभर पुलाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, मुंबई वीस मिनिटांवर. आता हे खोटं नाही. पूल २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा किलोमीटरच्या आसपास समुद्रावरून, स्पीड लिमिट ताशी १००, म्हणजे शिवडीला चढलात की वीस मिनिटांत आमच्या बाजूला चिर्ल्याला. पण दादाकडे गाडी म्हणजे बाईक. आणि अटल सेतूवर बाईकला बंदी, रिक्षालाही. हे पोस्टरवर कुठे नव्हतं आणि सेल्सवाल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, सर आता फोर व्हीलर घेऊनच टाका, लाइफस्टाइल अपग्रेड आहे. ठीक आहे, घेतली समजा. कारला एका वेळचा टोल २५० रुपये, रिटर्न ३७५. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ९,३७५ नुसता टोल, पेट्रोल वेगळं, फोर्टातलं पार्किंग वेगळं, कारचा हप्ता वेगळा. आणि शिवडीला उतरल्यावर बॅलार्ड इस्टेटपर्यंतचा ट्रॅफिक कोण मोजणार?

मग राहिली लोकल. बामणडोंगरी किंवा खारकोपरला चढायचं, बेलापूर नाहीतर नेरूळला हार्बरची गाडी पकडायची, सीएसएमटीला उतरून चालत. दारापासून टेबलापर्यंत पावणेदोन तास धरा, आणि सुरुवातीला या लाइनवर गाड्याच इतक्या कमी होत्या की उरणकडे तासाला एक, ती चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून मोबाईल बघा. भांडुपवरून त्याला जेमतेम तास लागायचा. म्हणजे जाहिरात म्हणत होती मुंबई जवळ आली आणि दादाची मुंबई प्रत्यक्षात लांब जात होती. मंत्रालयापर्यंत पुलावरून एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई पालिकेची, बस आहे, ती चांगली आहे, पण तिची वेळ ऑफिसच्या वेळेशी जुळली तर.

इथपर्यंत आल्यावर दादा म्हणाला मग कशाला जायचं, बदलापूर बघू. मी म्हटलं थांब, तू एकटा राहायला जाणार आहेस का? दिवसाचे बारा तेरा तास तू बाहेर. त्या वेळात बाकीची चार माणसं काय करणार, कुठे जाणार, कशाने जाणार, ते आधी लिहून काढा. वहिनींनी ते मनावर घेतलं आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रेघा मारून खरंच लिहिलं. कोण, कुठे, आठवड्यातून कितीदा, कशाने. दादाची एक ओळ, ऑफिस, ट्रेनने. बाकी पानभर त्या चौघांचं. शाळा, शिकवणी, बालवाडी, मासळी, भाजी, दळण, मावशीचा डॉक्टर, शुगर तपासणी, मेडिकल, देऊळ, अस्तर-दोरा-बटणं, गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला जाणं. बहुतेक सगळं चालत नाहीतर स्कूटीवर. त्या पानात अटल सेतू कुठेच नव्हता. दादा ते बघून जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, बरं, उरणकडे काय काय आहे ते दाखव.

पहिलं द्रोणागिरी नोड, म्हणजे सिडकोने आखलेली वसाहत. रेट कमी, फ्लॅट मोठे, रस्ते रुंद, आणि दादाला सीएफएस शेजारीच. त्याला तर एकदम पसंत. पण रस्ते रुंद का आहेत ते सकाळी जाऊन बघावं लागतं. जेएनपीए बंदर, म्हणजेच न्हावा शेवा, वर्षाला ७० लाख टीईयूपेक्षा (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) जास्त कंटेनर हाताळतं, त्यातला मोठा हिस्सा ट्रेलरवर लादून करळ फाटा, दास्तान फाटा, गव्हाण फाटा असा इथूनच जातो येतो. चाळीस फुटी ट्रेलर सर्व्हिस रोडला लाइनीत उभे आणि त्यांच्या मधल्या फटीतून स्कूटीवर पोरीला घेऊन बाई शाळेत चाललीये, हे आम्हाला रोजचं झालंय, पण वहिनींनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या भाऊजी, मी इथे स्कूटी नाही चालवणार. विषय संपला.

दुसरी गोष्ट पाणी. प्यायचं नाही, साचणारं. हा सगळा पट्टा मुळात खारजमीन आणि मिठागरं, भरतीच्या पातळीपेक्षा खाली. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, भराव घालून नोड बसवले आणि पावसाचं पाणी थोपवायला धारण तलाव ठेवले. त्याचं काम असं की भरती आली की खाडीच्या तोंडाच्या झडपा बंद होतात, तेवढा वेळ पाऊस तलावात साठतो, ओहोटी लागली की झडपा उघडून पाणी खाडीत. कागदावर झकास. पण तलावात गाळ भरला, वर तिवरं उगवली, आणि तिवरं काढायची तर हायकोर्टापर्यंत परवानगी लागते, म्हणून साठवण कमी होत गेली. मोठी भरती आणि धो धो पाऊस एकाच वेळी आले की फुंडे, डोंगरी, पाणजे बाजूच्या गावांत पाणी शिरतं, कारण गावं जुन्या लेव्हलला राहिली आणि आजूबाजूचा भराव उंच झाला. नोडमध्ये फ्लॅट बघायचा तर जुलैतल्या मोठ्या भरतीच्या दिवशी बघावा असं मी सगळ्यांना सांगतो, कोणी ऐकत नाही, सगळे जानेवारीत येतात.

मग उरण शहर. मावशी बाजारात शिरली आणि तिथेच हरवली. मासळी बाजार, भाजी, देऊळ, डॉक्टर, कपड्यांची दुकानं, सगळं पायाखाली, कोणाशीही बोला, आणि संध्याकाळी पिरवाडीला समुद्र. वहिनींना अस्तर-दोऱ्याची दुकानं मिळाली. वहिनींच्या पानावरचं जवळपास सगळं इथे चालत होत होतं. दोन तीन घरंही बघितली, एक तर खूपच छान, दोन खोल्या, पुढे ओटा, विहीर.

घोडं अडलं लोनवर. करंज्याला नौदलाचा शस्त्रसाठा आहे आणि त्याच्याभोवतीच्या सुरक्षा पट्ट्यात, म्हणजे केगाव, म्हातवली, नागाव, चाणजे आणि शहराचाही काही भाग, १९९२ पासून बांधकामाचा घोळ चालू आहे. लोक पिढ्यान् पिढ्या राहतायत, घरं आहेत, घरपट्टी आहे, लाइट आहे, पण नवीन परवानगी मिळत नाही आणि बँक अशा घराला हात लावत नाही. ओट्याचं घर नेमकं त्यातलं. रोकड असती तर गोष्ट वेगळी. शिवाय उरणला मोठं हॉस्पिटल नाही, सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे, पण हार्टचं वगैरे काही झालं की नेरूळ, बेलापूर नाहीतर पनवेल, तेही त्याच ट्रेलरच्या रस्त्याने. मावशीचं वय बघता दादाला ते पटेना, आणि मला त्याच्यावर उत्तर नव्हतं. उरणच्या मोरा बंदरावरून मुंबईला भाऊच्या धक्क्याला लाँच आहे, तासाभराची, दादाचं ऑफिस धक्क्यापासून लांब नाही, म्हणून तोही विचार झाला. पण मोऱ्याला मोठ्या ओहोटीत गाळामुळे लाँच लागतच नाही, तिचं टाइमटेबल बॅलार्ड इस्टेटचा साहेब मान्य करणार का?

राहिलं उलवे. तिथे मी एकच गोष्ट हट्टाने करायला लावली, आधी भाड्याने राहा. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, जून २०२४ ला शाळेच्या तोंडावर सामान हललं. टॉवर नवा, अकरावा मजला, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या स्लॅबवर, गार्डन, स्विमिंग पूल, गेटवर सिक्युरिटी. ज्याला ब्रोशरवाले फॅमिली फ्रेंडली म्हणतात ते सगळं.

मुलगी पहिल्याच आठवड्यात खूश. भांडुपला तिला खाली सोडायची सोय नव्हती, इथे पोडियमवर वीस पंचवीस पोरं, सायकल, बॅडमिंटन, रात्री जेवायला हाका मारून दमायचं. मल्याळी मैत्रीण, यूपीची मैत्रीण, साताऱ्याची मैत्रीण. हे मला मान्य केलंच पाहिजे की लहान मुलांसाठी ही वसाहत खरंच चांगली आहे, ज्याच्या त्याच्या घरात त्याच वयाची पोरं आहेत कारण सगळे एकाच वेळी, एकाच वयात, एकाच लोनवर आलेत.

मावशीचं उलट. तिला लिफ्टचं बटण जमत होतं, प्रश्न तो नव्हता. खाली उतरली तर पोडियमवर सगळी पोरं आणि त्यांच्या आया मोबाईलवर, गेटच्या बाहेर रस्ता खोदलेला, पुढे रिकामे प्लॉट, त्यात पाणी. बाजार असलेला सेक्टर रिक्षाने. भाजी ॲपवर येते, मासळी ॲपवर येते, डॉक्टर व्हिडिओवर येतो. एकदा मला फोनवर म्हणाली, अरे सगळं घरात येतं रे, मग मी कुठे जायचं? दादाला वाटलं म्हातारी कुरकुर करते. शुगर वाढली तेव्हा डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, रोज चालता का?

शाळेचंही तेच. ॲडमिशन घेतली ती नावाजलेल्या, लांबच्या शाळेत, बस सगळे सेक्टर फिरत जायची, पोरगी बसमध्येच झोपायची. टॉवरपासून लांब पण बाजाराच्या बाजूला एक सेमी इंग्लिशची शाळा होती, वहिनींच्या गिऱ्हाइकांची मुलं तिथे जायची, चालत.

आता वहिनींची गोष्ट, या प्रकरणाची किल्ली तीच आहे. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, फॉल-पिको, ब्लाउज, ड्रेस. भांडुपला गिऱ्हाईक जमवायला वर्षं गेली होती, इथे नवरात्रीच्या आधी चनिया चोलीच्या इतक्या ऑर्डरी आल्या की मशीन रात्री बारापर्यंत चालू. पण कापड, अस्तर, मॅचिंग दोरा यासाठी दर वेळी बाजारात, आणि इतर सोसायट्यांच्या बायका टॉवरमध्ये यायला कंटाळायच्या. गेटवर नाव लिहा, ॲपवरून परवानगी, मग लिफ्ट. एक बाई सरळ म्हणाली ताई तुमच्याकडे यायचं म्हणजे पासपोर्ट ऑफिस. वहिनींनी हिशोब केला की बाजाराच्या बाजूला राहायला गेलो तर काम दीडपट होईल. हा हिशोब कॅलेंडरच्या त्याच पानावर खाली लिहिलेला मी बघितलाय.

पाण्याचंही सांगतो. उलव्याला पाणी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं, सिडकोकडून. उरणला रानसईचं. उन्हाळ्यात दोन्हीकडे बोंब असते, फक्त टॉवरला स्विमिंग पूल, गार्डन आणि दीडशे घरं असल्यामुळे टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये दिसतं. भाड्याच्या घरात मेंटेनन्स मालकाचा होता, पण नोटीस बोर्डावर आकडा सगळ्यांना दिसतो आणि वहिनी तो वाचायच्या. दादा नाही वाचायचा, तो रात्री नऊला यायचा.

मार्च २०२५ च्या सुमाराला निर्णयाची वेळ आली. दादाचं मन त्याच टॉवरमधल्या टू बीएचकेवर. वहिनींनी बाजाराजवळ एक रिसेल वन बीएचके बघून ठेवला होता, चार मजली साधी बिल्डिंग, दुसरा मजला, हॉलला लागून टेरेस. खाली दोन दुकानं, समोर भाजीवाल्या, सकाळी मोरावे गावातून मासळी घेऊन बायका येतात त्या याच कोपऱ्यावर बसतात. शाळा चालत, डॉक्टर चालत, बामणडोंगरी स्टेशन शेअर रिक्षाने. दादा वैतागला, एवढे पैसे घालून वन बीएचके, लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाल्या, अहो, तुम्ही जागे असताना घरात असता किती वेळ? मावशी आतून म्हणाली, मला हॉल चालेल, मला खिडकीतून माणसं दिसू देत. दादा माझ्याकडे बघायला लागला. मी चहा प्यायलो.

कागदपत्रांवर मात्र मी लक्ष घातलं, कारण बिल्डिंग साडेबारा टक्क्याच्या प्लॉटवरची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवी मुंबईसाठी आमच्या गावांच्या जमिनी घेतल्या, मोबदल्यावरून आंदोलन पेटलं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, जासई बाजूला दर जानेवारीला स्मृतिदिन असतो. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट मूळ मालकाला द्यायचं धोरण आलं. उलव्यातल्या कितीतरी बिल्डिंगा अशा प्लॉटवर, शेतकऱ्याने बिल्डरबरोबर करार करून उभ्या राहिल्यात. फ्लॅट घेणाऱ्याला वाटतं जमीन बिल्डरची. ती सिडकोची, लीजवर. त्रिपक्षीय करार असतो, सिडको, मूळ वारस आणि बिल्डर, आणि वारसांमध्ये एखादी बहीण सही करायची राहिली असेल तर तो धागा दहा वर्षांनी निघतो. आमच्याच घरात अशी एक फाइल आहे, त्यामुळे मला वारसांची यादी आधी बघायची सवय.

म्हणून आधी त्रिपक्षीय कराराची कॉपी, सगळ्या वारसांच्या सह्या. मग ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, ते नसेल तर नळजोडणीपासून लोनपर्यंत सगळीकडे रडगाणं. मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि नो ड्यूज. मग सिडकोची ट्रान्सफरची परवानगी, तिची फी वेगळी आणि ती बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या गळ्यात येते, ते बोलणीतच ठरवून घ्यायचं. महारेरा, जिथे बिल्डरला प्रकल्पाची नोंद करावी लागते, तो २०१७ पासूनचा, ही बिल्डिंग त्याच्या आधीची, त्यामुळे तिथे काही मिळालं नाही. घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं, महाराष्ट्रात बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, तेवढ्यात नवीन ओव्हरलॉक मशीन आलं. सिडकोच्या कागदात मात्र सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला, विकणारा सारखा फोन करायचा आणि भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट मध्येच संपलं, एक महिना जास्तीचं भाडं गेलं.

सगळं गोड झालं असं नाही. मुलगी रडली. पोडियम गेलं, मैत्रिणी एकदम दोन सेक्टर लांब. नव्या बिल्डिंगमध्ये खेळायला पार्किंगची जागा आहे, तिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि दर रविवारी कुणाच्या तरी गाडीची काच आणि कुणाचा तरी आवाज फुटतो. मैदानासाठी ठेवलेला प्लॉट आहे, त्यावर सध्या गवत आणि गणपतीचा मांडव. मावशी हॉलमध्ये झोपते, म्हणजे दादा उशिरा आला की टीव्ही बंद. खाऱ्या वाऱ्याने ग्रिल गंजतात, टेरेसच्या स्लॅबचं प्लास्टर एका कोपऱ्यात फुगलंय, आत सळई गंजली असणार, ते काम या वर्षी काढावं लागेल. वहिनींचं काम खरोखर वाढलं, दीडपट नाही, पण हप्त्याचा चांगला भाग त्यातून जातो. मावशीची शुगर बरी आहे, मासळीवालीशी रोज भांडून येते.

दादाचा प्रवास तेवढाच आहे. साहेबाशी बोलून त्याने न्हावा शेवाचे दिवस वाढवून घेतले, त्या दिवशी बाईकने जातो आणि पोरगा झोपायच्या आत घरी असतो, बाकी दिवस लोकल.

नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. तेव्हापासून एजंटांचे फोन, वहिनी विकायचंय का, आता चांगला भाव आहे. वहिनी त्यांना विचारतात, मग बाजाराच्या बाजूला दुसरं दाखवा ना, टू बीएचके, ह्याच भावात. अजून एकानेही दाखवलेलं नाही. मैदानाच्या प्लॉटसाठी सोसायट्यांनी मिळून सिडकोला अर्ज केलाय, त्यावर पहिली सही वहिनींची आहे.